कोलेस्टेरॉल ११८, तरीही चिंता का? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

दरवर्षी २९ सप्टेंबरला जागतिक हृदय दिन येतो. त्या आठवड्यात गावोगाव शिबिरे भरतात, रक्त तपासले जाते आणि व्यासपीठावरून सांगितले जाते की कोलेस्टेरॉल कमी करा. धडधाकट माणसाला, मधुमेह्याला, अँजिओप्लास्टी झालेल्याला हा सल्ला योग्यच आहे. माझे म्हणणे आहे ते त्याच रांगेत उभ्या असलेल्या दुसऱ्या एका रुग्णाबद्दल.

मी मराठवाड्यात तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करतो. हा रुग्ण आमच्या ओपीडीत रोज येतो. टू-डी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग, म्हणजे हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद, फक्त २५ टक्के, पायांवर सूज, आडवे झाले की दम, म्हणून रात्री दोन-तीन उशा. हा आजार म्हणजे हार्ट फेल्युअर: हृदय शरीराला पुरेसे रक्त पुरवू शकत नाही. हातात शिबिराचा रिपोर्ट असतो आणि त्यावर टोटल कोलेस्टेरॉल ११८. प्रयोगशाळेच्या कागदावर २०० च्या खालचे सगळे एकाच ‘योग्य’ रकान्यात बसते, ठळक अक्षर मिळते ते वाढलेल्या आकड्याला. घरचे समाधानाने सांगतात, ‘‘डॉक्टर, चरबी एकदम नॉर्मल आहे.’’ आणि पथ्य आणखी आवळतात. अंडे बंद, दूध बंद, शेंगदाणे तर विषच. ताटात उरते अर्धी भाकरी आणि पाणीदार वरण. मीठ मात्र तसेच राहते, कारण तोंडाला चव नाही म्हणून लोणचे लागते.

या आजारात कमी कोलेस्टेरॉल ही आनंदाची बातमी नसते, हे वैद्यकशास्त्राला वीस वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे. २००२ मध्ये लॉस एंजेलिसच्या डॉक्टरांनी बळावलेल्या हार्ट फेल्युअरच्या १,१३४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांचे कोलेस्टेरॉल कमी, त्यांचेच आयुर्मान कमी निघाले. पुढच्याच वर्षी युरोपातल्या एका गटाला असे दिसले की टोटल कोलेस्टेरॉल साधारण ३९ मिलिग्रॅमने जास्त असेल, तर जगण्याची शक्यता २५ टक्क्यांनी वाढलेली असते.

यामागची कारणेही बरीचशी कळली आहेत. हृदय मागे पडले की रक्त यकृतात आणि आतड्यात तुंबते. तुंबलेले यकृत कोलेस्टेरॉल कमी बनवते. सुजलेल्या आतड्यातून अन्न नीट शोषले जात नाही, उलट जंतूंचे विष रक्तात झिरपते आणि शरीरभर दाह चालू राहतो. भूक मरते, स्नायू झिजतात. तेव्हा ११८ हा आकडा पथ्य पाळल्याचे बक्षीस असेलच असे नाही. माणूस आतून खंगत चालल्याची ती खूण असू शकते.

इथे एक धोका आहे आणि तो मला स्पष्ट लिहिलाच पाहिजे, नाहीतर या पत्रातली दोन वाक्ये कापून उद्या व्हॉट्सॲपवर ‘तूप खा, हृदय वाचवा’ म्हणून फिरतील. कमी कोलेस्टेरॉल आणि मृत्यू सोबत चालतात, याचा अर्थ कोलेस्टेरॉल वाढवले की माणूस वाचतो असा होत नाही. तसे कुणी सिद्ध केलेले नाही. कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळीची मात्र नीट परीक्षा झाली आहे. २००७ च्या ‘कोरोना’ या चाचणीत (नाव दुर्दैवी, साथीशी संबंध नाही) ५,०११ रुग्ण होते, २००८ च्या इटलीतल्या ‘गिसी-एचएफ’मध्ये ४,५७४. रोसुव्हास्टॅटिनने कोलेस्टेरॉल खूप उतरले, मृत्यू कमी झाले नाहीत. पण गोळीने नुकसानही केले नाही. म्हणून नियम असा की केवळ हार्ट फेल्युअर आहे म्हणून स्टॅटिन सुरू करू नये. ज्याला झटका येऊन गेला आहे, स्टेंट आहे, त्याची चालू असलेली गोळी मात्र रिपोर्ट चांगला आला म्हणून परस्पर बंद करू नये.

मंत्रिमहोदय, मग या रुग्णाचे मोजायचे काय? वजन. त्याला लागतो तो साधा वजनकाटा. तीन दिवसांत दोन किलोच्या वर वजन वाढले तर ते अंगात साठलेले पाणी असते. लघवीवाटे पाणी काढणारी गोळी वेळीच वाढवली तर ॲडमिट होणे टळू शकते. आणि सूज उतरल्यानंतरचे वजन महिन्यामहिन्याला घटत असेल, तर मांस झडते आहे. वर्षात पाच टक्क्यांहून अधिक घट ही धोक्याची पातळी मानतात. फसवे असे की मांस जाते तेवढेच पाणी भरते आणि काट्यावर आकडा हलत नाही, म्हणून पायावरची सूजही सोबत बघावी लागते. आशाताईंना हे एका दुपारच्या प्रशिक्षणात शिकवता येईल.

आपल्याकडच्या रुग्णांचे पुढे काय होते, याची नोंद केरळने ठेवली. तिरुवनंतपुरमच्या नोंदवहीत २०१३ साली घेतलेल्या १,२०५ रुग्णांपैकी ५९ टक्के पाच वर्षांत दगावले. पुढे देशातल्या ५३ रुग्णालयांच्या राष्ट्रीय नोंदीत १०,८५१ रुग्णांपैकी १४.२ टक्के नव्वद दिवसांतच गेले. सरासरी वय साठच्या आसपास, म्हणजे घरातला कमावता किंवा नुकताच थांबलेला माणूस. कितीतरी कर्करोगांपेक्षा हे आकडे वाईट आहेत, तरी गावपातळीवरच्या तपासणीत रक्तदाब, मधुमेह, कर्करोग यांना रकाना आहे आणि हार्ट फेल्युअरला वेगळी ओळख नाही.

औषधे नाहीत असेही नाही. आयुष्य वाढवणारे चार गट सिद्ध झालेले आहेत. त्यातली बीटा ब्लॉकर आणि स्पायरोनोलॅक्टोन जुनी, स्वस्त. आणखी एका गटातल्या डॅपाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे २०२५ मध्ये संपून त्यांच्याही किमती कोसळल्या. अडचण सलगतेची आहे. एका महिन्यात एक गोळी मिळते, दुसऱ्या महिन्यात दुसरी, आणि उरलेल्या विकत घेण्यापेक्षा रुग्ण त्या सोडून देतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून आपल्या विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे कवच पाच लाखांचे झाले आहे. पण योजनेचा भर आहे तो ॲडमिट झालेल्यावर. या आजारात पैसा वाचतो आणि माणूसही वाचतो तो ॲडमिट न होण्यात.

म्हणून मागणी एवढीच. ग्रामीण रुग्णालयापासून वरपर्यंत चारही गटांची औषधे एकाच खिडकीवर, एका वेळी महिनाभराची मिळावीत. डिस्चार्ज देताना कार्डावर कोरडे वजन (सूज उतरल्यानंतरचे) लिहिणे सक्तीचे व्हावे आणि पहिल्या दोन आठवड्यांत फेरतपासणी व्हावी. सरकारी प्रयोगशाळांच्या अहवालात, रुग्ण हार्ट फेल्युअरचा असेल तर कमी कोलेस्टेरॉलखाली ‘वजन व आहार तपासा’ अशी ओळ छापावी. त्याला सॉफ्टवेअरमधला एक बदल पुरेल. आणि येत्या हृदय दिनाच्या पत्रकात या रुग्णांसाठी वेगळा परिच्छेद असावा: मीठ कमी करा, पण डाळ, अंडे, दूध डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोडू नका. त्याचा मराठी मसुदा लिहून द्यायला मी तयार आहे. आपल्या विभागाने फक्त तारीख कळवावी.

आपला,
तालुक्याच्या गावातील एक फिजिशियन