मुरमाच्या खाणीत झाडे लावण्याआधी माती तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या गायरानातून रस्त्याच्या भरावासाठी मुरूम काढून झाला, पोकलेन आणि हायवा निघून गेले, खड्डा तसाच राहिला. आता पावसाळा तोंडावर आल्यावर त्यात तलावाचा गाळ टाकून वृक्षारोपण करायचं घाटतं आहे. हेतू चांगला आहे. पण माझी उभी नोकरी माती तपासण्यात गेली, त्यामुळे या घाईबद्दल लिहिणं मला भाग आहे.

खड्ड्यात उतरलं की कडेला जमिनीचा सगळा छेद दिसतो. वर वीतभर माती, तिच्यात गवताच्या मुळांचं जाळं. खाली चिमटीत भुगा होणारा पिवळट मुरूम, मधूनमधून चुनखडीचे पांढरे पट्टे आणि तळाशी कांद्यासारखे पापुद्रे सुटणारे गोटे. आमच्या शेळ्यामेंढ्या जगत होत्या त्या वरच्या वीतभर मातीवर. खोदताना ती वेगळी काढून ठेवायला एका जेसीबीचं काम होतं. तसं झालं नाही. मुरमाबरोबर तीही भरावात गेली.

तळाचा नमुना मी तपासून घेतला. सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या काडीकचऱ्यातून मातीत येणारा कस, ०.२० टक्क्यांच्याही खाली, म्हणजे आपल्याकडच्या वर्गवारीत ‘अत्यंत कमी’. चुनखडी भरपूर. अशा जागी लोह असूनही झाडाला मिळत नाही. कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. त्यात डंपर फिरून तळ असा दबला आहे की टिकाव उसळून येतो. त्यावर नुसता चिकण गाळ पसरला तर पावसाळ्यात पाणी त्या दबलेल्या थरावर तुंबून मुळं कुजतील आणि उन्हाळ्यात गाळाला भेगा पडून उरलीसुरली ओलही जाईल. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतला गाळ हलक्या शेतात चालतो, कारण तिथे मुळात थोडी तरी माती असते. इथे ती नाही. शिवाय गाळ चोपण, म्हणजे सोडियम वाढून घट्ट व निचरा न होणारा, आहे की नाही, हेही कुणी पाहिलेलं नाही.

आधी घट्ट जमीन फोडणाऱ्या दात्याने, म्हणजे रिपरने, तळ फोडायला हवा. उभ्या कडा पायऱ्या-पायऱ्यांनी उतरत्या करायला हव्यात. आज तिथे जनावर किंवा पोर घसरलं तर वर यायला वाट नाही. बाजूला पडलेला मुरूम तळात पसरून त्यात तपासलेला गाळ आणि शेणखत मिसळावं. पहिल्या पावसात हिरवळीच्या खतासाठी ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्याआधी गाडावा, मग चाऱ्यासाठी मारवेल, अंजन गवत आणि स्टायलो. झाडं त्यानंतर, आणि तीही कडुनिंब, बोर, हिवर, सीताफळ अशी माळावर तगणारी. सगळ्यात खोल कोपरा मात्र भरूच नये. तिथे पाणी मुरू द्यावं, खालच्या अंगाच्या विहिरींना त्याचा उपयोग होईल. बुलढाणा जिल्ह्यात महामार्गाच्या भरावासाठी माती-मुरूम तलाव आणि नाले खोल करून घेतला गेला, त्यातून पाणीसाठा वाढला. कुठे आणि किती खोदायचं हे आधी ठरवलं होतं, म्हणून ते जमलं.

हा खर्च ग्रामपंचायतीने का करावा, हा माझा खरा प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी केंद्र सरकारला सांगितलं, की खाणकाम संपल्यावर पट्टेधारकाने तिथे पुन्हा गवत लावावं आणि जमीन चारा व झाडझाडोरा वाढण्याजोगी करून द्यावी, अशी अट खाणपट्ट्यातच घाला. गायरानासाठी याहून नेमकी अट कोणती असणार? मुरूम गौण खनिज आहे म्हणून तिथलं गवत गौण ठरत नाही.

शेजारच्या टेकडीवर मुरूम काढण्यासाठी नवा अर्ज आल्याचं कळतं. वरची माती कुठे साठवणार, कडा किती उतरत्या ठेवणार, तळात शेवटी काय उगवणार आणि त्यासाठी किती अनामत घेतली, हे ग्रामसभेत वाचून दाखवल्याशिवाय महसूल विभागाने त्या अर्जावर परवानगी देऊ नये, अशी माझी मागणी आहे.

– मृद चाचणी प्रयोगशाळेतील एक निवृत्त कर्मचारी,
ता. पारनेर, जि. अहिल्यानगर