पाणी बंदची सूचना चालते, महासभेची बातमी चालत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

15 जानेवारी 2026 रोजी महापालिका निवडणुका झाल्या आणि ठाण्यात 131, नवी मुंबईत 111 नगरसेवक निवडून आले. नवी मुंबईत मे 2020 पासून, तर ठाण्यात मार्च 2022 पासून प्रशासकच कारभार पाहत होते. आता पुन्हा महासभा, स्थायी समिती, प्रभाग समित्या बसतील. पण ठाण्यातल्या दिवा भागाच्या पाण्यावर किंवा घोडबंदरच्या सेवा रस्त्यावर तिथे काय ठरले, हे रेडिओवर ऐकायला मिळणार नाही. एफएम लावले की मुंबईची स्टेशने लागतात. आकाशवाणीच्या प्रादेशिक बातमीपत्रात प्रभागाच्या विषयाला जागा ती किती मिळणार? शिवाय मध्यम लहरींवरची अस्मिता वाहिनी मोबाइलच्या एफएमवर लागतच नाही.

यात अडसर नियमाचाही आहे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीचे बातमीपत्र तेवढे जसेच्या तसे लावता येते. सामुदायिक रेडिओला, म्हणजे एखाद्या संस्थेने आपल्या परिसरापुरत्या चालवलेल्या छोट्या केंद्राला, तर राजकीय स्वरूपाचे कार्यक्रमच वर्ज्य आहेत. स्थानिक प्रशासनाने दिलेल्या पाणी, वीज, आरोग्य, आपत्तीच्या सूचना मात्र बातमीत मोडत नाहीत. म्हणजे ‘उद्या कळव्यात पाणी नाही’ एवढे सांगायचे, पण जलवाहिनी बदलायचा प्रस्ताव महासभेत का अडला, ते सांगायचे नाही. रेडिओ लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालीच सांगितले आहे. आपल्या खासदारांनी हा नियम बदलण्याचा आग्रह संसदेत धरायलाच हवा.

तोवर आहे त्या चौकटीत पुष्कळ करता येईल. सामुदायिक रेडिओचा परवाना नोंदणीकृत, ना नफा संस्थेला किंवा महाविद्यालयाला मिळतो, राजकीय पक्षाला नाही. प्रक्षेपणाची परिणामकारक शक्ती सहसा 100 वॅट, अँटेना जमिनीपासून किमान 15 आणि जास्तीत जास्त 30 मीटर. मोकळ्या जागेत एवढ्यावर दहा किलोमीटरपर्यंत आवाज जातो. पण 30 मीटर म्हणजे जेमतेम दहा मजले. घोडबंदर रोडला तीस-तीस मजली टॉवरांच्या मधे असा मनोरा उभा केला, तर टॉवरमागच्या वस्तीत नुसती खरखर ऐकू येईल. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे पारसिकच्या डोंगराअलीकडून केलेले प्रसारण पलीकडच्या मुंब्रा-दिव्यात नीट पोहोचणार नाही. दोन्ही बाजूंना वेगळी केंद्रेच लागतील. भूभागाची अडचण सिद्ध केली तर 250 वॅटपर्यंत परवानगी मागता येते, पण त्याहून सोपा उपाय जागेचा आहे. मनोऱ्याची उंची जमिनीपासून मोजतात आणि पालिकेचे जलकुंभ बहुधा उंचवट्यावरच असतात. जलकुंभाच्या आवारातली दहा बाय दहाची जागा नाममात्र भाड्याने दिली, तर नियम न मोडता अँटेना वस्तीच्या वर जाईल.

खाडीकाठच्या दमट, खारट हवेत केंद्र बंद पडते ते बहुतेक वेळा एका कनेक्टरमुळे. अँटेनाच्या तोंडाशी केबलचा जोड असतो, तिथे पावसाचे पाणी शिरले की तांबे हिरवे पडते. मग शक्ती अँटेनाकडे जाण्याऐवजी उलटी परतते आणि ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला शक्ती उतरवतो. स्टुडिओत सगळे ठीक दिसते, पण दोन किलोमीटरवर काही ऐकू येत नाही. म्हणून जोडावर आपोआप चिकटून एकजीव होणारी रबरी टेप गुंडाळायची, केबल खाली झोल देऊन आत घ्यायची आणि परत येणाऱ्या शक्तीचा आकडा रोज वहीत लिहायचा. मे महिन्यात सगळे जोड उघडून बघायचे. वीज गेली तर ट्रान्समीटर, मिक्सर आणि संगणक धरून 400 वॅटच्या भाराला 150 अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या साधारण पाच तास पुरतात. मुसळधार पावसात मोबाइलचे नेटवर्क बसते, तेव्हा हे पाच तास फार मोलाचे ठरतील.

पैशांचे म्हणाल तर 2024 च्या सुधारित नियमांनी तासाला 12 मिनिटे जाहिराती चालतात आणि सरकारी जाहिरातीचा दर 10 सेकंदांना 74 रुपये आहे. पालिकेने 30 सेकंदांची सूचना दिवसातून चार वेळा लावली, तर महिन्याला 26,640 रुपये होतात. त्या बदल्यात सूचनाही नीट लिहून यायला हवी: कोणती जलवाहिनी, कोणते भाग, किती वाजल्यापासून कितीपर्यंत आणि पुढे दाब कमी राहणार का. शेवटचा मुद्दा कायम वगळला जातो आणि मग पाणी सुरू झाल्यावरही वरच्या मजल्यांवर दोन दिवस बादल्या भरत बसावे लागते.

दोन्ही महापालिकांनी जागा आणि जाहिरातींची तरतूद या अंदाजपत्रकातच करावी. कार्यक्रम ठरवणाऱ्या समितीत मात्र एकही नगरसेवक किंवा अधिकारी नसावा आणि तशी अट करारातच लिहावी.

— एक प्रसारण तंत्रज्ञ, कळवा (ठाणे)