कापसाच्या चुकाऱ्यातून थोडं बाजूला काढा: पट्टकृमी तपासणी शिबिरासाठी आवाहन

समस्त गावकरी मंडळी आणि नोकरीधंद्यासाठी पुण्या-नागपूरला गेलेली आपली लेकरं, सर्वांना जय गुरु, जय भीम, राम राम.

तान्ह्या पोळ्याला मारुतीच्या पारापुढं लाकडी नंदी घेऊन रांगेत उभा असलेला चौथीतला आपला पोरगा आकडी येऊन पडला, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलं. कुणी कांदा फोडला, कुणी चप्पल हुंगवली, कुणी बाहेरचं आहे म्हणून लिंबू आणायला धावलं. आशाताईनं त्याला कुशीवर वळवलं आणि तोंडात काही घालू दिलं नाही, म्हणून निभावलं. सेवाग्रामला मेंदूचा स्कॅन झाला आणि पट्टकृमीच्या अळीची गाठ निघाली. आईबापांना विचारूनच हे लिहितो आहे. घर माळकरी, तिथं अंडंसुद्धा शिजत नाही. त्याच्या मायनं मला ओसरीवर थांबवून विचारलं, "भाऊ, डुकराचा किडा आमच्या लेकराच्या डोक्यात गेला कसा?"

मला उत्तर देता आलं नाही. मग डॉक्टरांना विचारून आलो.

पट्टकृमी म्हणजे फितीसारखा चपटा जंत. डुकराच्या मांसातून येणारा हा जंत माणसाच्या आतड्यात २ ते ७ मीटरपर्यंत वाढतो. डुकराच्या मांसात त्याच्या अळ्या साबुदाण्यासारख्या पांढऱ्या फोडांत असतात. ते मांस अर्धकच्चं राहिलं की खाणाऱ्याच्या पोटात जंत धरतो. बहुतेकांना काही त्रास होत नाही. कुणाचं पोट दुखतं, कुणाला शौचातून पांढरे चपटे तुकडे पडताना दिसतात, आणि माणूस लाजेनं गप्प राहतो. पण त्याच्या विष्ठेतून हजारो अंडी बाहेर पडत असतात. ती डुकराच्या पोटात गेली तर डुकराच्या अंगात अळ्या होतात, माणसाच्या पोटात गेली तर माणसाच्या: स्नायूत, डोळ्यात, मेंदूत. अंडी डोळ्यांना दिसत नाहीत आणि ओल्या मातीत आठवडेच्या आठवडे टिकतात. नाल्याकाठच्या वाडीतला न धुतलेला सांबार (कोथिंबीर), रोडग्यांसोबत कच्चा खाल्लेला मुळा, उघड्या विहिरीचं पाणी, किंवा ज्याच्या पोटात जंत आहे त्यानं साबण न लावता वाढलेली पोळी, एवढ्यानं भागतं. माळ घातलेल्यालाही ते चुकत नाही. हा रोग जिथं मुरला आहे तिथं मिरगीच्या साधारण ३० टक्के रुग्णांमागं हेच कारण असतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पोळ्यानंतर काहींनी डुकरं पाळणाऱ्या घरांकडं बोट दाखवलं. मंडळाला ते मान्य नाही. हा जंत मोठा होतो तो माणसाच्याच आतड्यात. आपण उघड्यावर बसतो म्हणून डुकराला तो आपल्याकडून मिळतो. आपली घाण झाकली गेली की साखळी तिथंच तुटते.

दुसरा गैरसमज शाळेतल्या गोळीचा. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला मिळणारी अल्बेंडाझोलची गोळी पोरांनी घेतलीच पाहिजे, पण तिचा तो एक डोस गोल जंतांसाठी असतो, पट्टकृमीवर त्याचा भरवसा धरता येत नाही. आतड्यातल्या पट्टकृमीसाठी निक्लोसामाइड किंवा प्राझिक्वांटेल देतात, बहुधा एकाच डोसात काम होतं. मात्र मेंदूत गाठ असलेल्याला प्राझिक्वांटेलनं फिट येऊ शकते, म्हणून दुकानातून आपल्या मनानं गोळी आणून खाऊ नका. आपल्या पोराची फिटची गोळी रोज चालू आहे, गाठ आटत चालली आहे आणि तो शाळेत जातो आहे.

आपलं मंडळ या कामाला नवखं नाही. शाळेतली हात धुण्याच्या नळांची रांग आठवा. मुख्याध्यापक गुरुजींनी निवृत्तीनंतरची पहिली अख्खी पेन्शन टेबलावर ठेवली आणि "पावती नको" म्हणाले. पाटीलकाकांनी सोयाबीनच्या ऐन हंगामात ट्रॅक्टर रेतीला दिला. मिस्त्रीभाऊंनी अकरा दिवस मजुरी घेतली नाही, वर स्वतःच्या पैशानं एक नळ बसवला, तो आजही सगळ्यात कमी गळतो. भजनी मंडळाच्या बायांनी घरोघर ज्वारी मागून विकली आणि वर्षभराचा साबण भरला. त्यातल्या थोरल्या आजी आता नाहीत. शेवटच्या आजारपणातही त्या विचारत होत्या, "पोरं हात धुतात ना रे?" वऱ्हाडात जन्मलेल्या गाडगेबाबांनी गावोगाव आधी खराटा मारला, मग कीर्तन केलं. दर २० डिसेंबरला त्यांच्या पुण्यतिथीला आपण गाव झाडतो, एकही वर्ष चुकलेलं नाही. ही नावाजण्यासारखी गोष्ट आहे आणि ती तुमच्यामुळं आहे.

एक मात्र मनाला लागलेलं आहे. लिहू नका असं सभासद म्हणाले, तरी लिहितो. गेल्या उन्हाळ्यात मिरगीच्या माहितीची सभा ठेवली होती, डॉक्टर स्वतःच्या खर्चानं आले होते. मंडपात ११ माणसं, त्यातली ४ मंडळाची. आकडी आली की गर्दी होते, पण आकडी येऊ नये म्हणून बोलावलं तर कुणी फिरकत नाही. त्या दिवशी मंडप भरला असता तर तान्ह्या पोळ्याला चप्पल हुंगवायला कुणाचा हात गेला नसता.

आता कामाचं. एकूण खर्च ६४,००० रुपये, हाती १७,५००, कमी पडतात ४६,५००. त्यात शौच तपासणी व औषधं, फिट येणाऱ्यांना स्कॅनसाठी नेण्या-आणण्याचा निधी, आणि १४ घरांच्या संडासांची दारं व खड्डे दुरुस्ती. शिबिर २० डिसेंबरनंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी ८ पासून, शाळेत. डब्या आशाताईकडून न्या, तीन वेगवेगळ्या दिवशीचे नमुने द्या (एका नमुन्यात अंडी सापडतीलच असं नाही), नावं गुप्त राहतील. ज्यांना कधीही फिट आली आहे किंवा जुनी डोकेदुखी आहे त्यांनी गोळीआधी डॉक्टरांना सांगावं. वर्गणी किराणावाल्या शेठजींकडं किंवा वाचनालयात, पावती घ्या. बाहेरगावच्यांसाठी मोबाइलवरून पैसे पाठवायचा कोड गावाच्या ग्रुपवर टाकला आहे. १०० रुपयेही चालतील. चुकारा अडकला असेल तर दोन दिवसांचं श्रमदान द्या, खड्ड्यांना माणसं हवीतच.

आपला,
सचिव (मंडळाच्या वतीनं)

ता.क. त्या पोराच्या मायनं काल ५१ रुपये आणून दिले. नको म्हटलं तर ऐकेना. पावती क्रमांक १ तिच्या नावानं फाडली आहे.