सरांचं लळिंग

धुळे, भाद्रपद

प्रिय सुध्या,

तब्येत ठीक, शुगर आटोक्यात. पत्राचं कारण वेगळं आहे. सरांनी काढलेल्या लळिंगच्या डोंगराच्या चित्राला बुरशी लागली भो!

काकूंकडे बाळूने ते भिंतीवरून उतरवून दाखवलं. डोंगराच्या पायथ्याशी गर्द जांभळा आणि काळपट हिरवा आहे ना, नेमके तिथेच पांढरे, कापूस पिंजल्यासारखे ठिपके. आभाळ अजून स्वच्छ आहे. मध्ये कुणा फ्रेमवाल्याने काच बदलताना माउंटच, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, काढून टाकला आणि काच थेट कागदावर टेकवली. त्यात भिंतीला ओल. दमट हवा आत कोंडली, सॉफ्ट पेस्टलमध्ये, म्हणजे त्या भुसभुशीत रंगखडूंमध्ये, थोडा डिंक असतोच, बुरशीला आणखी काय हवं?

बाळू म्हणतो, ओल्या फडक्याने पुसतो, फिक्सेटिव्ह, म्हणजे भुकटी कागदाला धरून ठेवणारा फवारा, मारतो आणि वजनाला हलकी म्हणून ॲक्रिलिक शीट बसवतो. पोरगा मनापासून बोलतोय, पण तिन्ही गोष्टी चित्राच्या मुळावर उठतील. फडकं फिरलं की सगळा डोंगर चिखल. ॲक्रिलिकला स्टॅटिक, म्हणजे स्थिर वीज धरते, ती रंगाची भुकटी कागदावरून ओढून घेते. काचच हवी.

आणि फिक्सेटिव्ह! तोरणमाळला यशवंत तलावाच्या काठी आपण यावरूनच भांडलो होतो आणि चहा गार झाला तो झालाच. खालच्या थरांवर हलका फवारा मारला की कागद पुन्हा रंग धरतो, हे तुझं म्हणणं मला आजही मान्य. पण शेवटच्या थरावर मारलं की फिकट रंग दबतात. या चित्रात उजेड आहेच किती? गवताच्या शेंड्यांवर लिंबू-पिवळ्याच्या चार रेघा. त्या गेल्या की उन्हाची तिरीप गेली. सरांनी आधी कुरणभर विटकरी रंग घातला, वरून हिरवा मोकळ्या हाताने ओढला, कुठेही बोटाने घोटला नाही. डाव्या कोपऱ्यात बघ, रेघांच्या फटींतून वीट डोकावते. म्हणून तर श्रावणाचं एवढं हिरवं असूनही ते कच्चं वाटत नाही.

बाळूला एवढंच सांगितलंय: फ्रेम पालथी घालू नको, उन्हात ठेवू नको, कोरड्या खोलीत आडवी ठेव. उघडताना चित्र वर तोंड करून सपाट हवं. काच सरकवायची नाही, दोघांनी दोन बाजूंनी सरळ वर उचलायची. कुठे चिकटलेली वाटली तर तिथेच थांबायचं. मग काही दिवस हवा लागू द्यायची. बुरशी सुकून भुरभुरीत झाली की मास्क लावून, बारीक कोरड्या ब्रशच्या टोकाने एकेक ठिपका टिपायचा. फुंकर मारायची नाही. नंतर ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेल्या पुठ्ठ्याचा माउंट, आणि त्याच्या मागे 3-4 मिलिमीटर जाडीची पट्टी कडेपासून आत घेऊन, म्हणजे गळणारी भुकटी माउंटच्या मागे पडेल, दिसणार नाही. फ्रेम भिंतीपासून थोडी सुटी राहावी म्हणून मागे बुचाचे तुकडे.

पण काच उचलायला दुसरे हात कुणाचे? बाळूचे थरथरतात, माझा जीव वर-खाली होतो. तुझे हवेत.

मधूचं लग्न ठरल्याचं काकूंकडून कळलं, फार आनंद झाला. वहिनींचा गुडघा कसा आहे? नवीन घरात उत्तरेची खिडकी मिळाली का?

दिवाळीनंतर ये, हवा कोरडी झालेली असेल. बामणोदची वांगीही येतील तोवर, भरीत होईल. ॲसिड-फ्री बोर्ड पुण्याहून घेऊन ये, इथे खात्रीचा मिळत नाही. चित्राचं माप बाळूकडून मागवून कळवतो.

तुझा,
विन्या