रोमानियातल्या पितेश्तच्या काकांना, चोर्ब्यासाठी आणि दोब्रिनसाठी

काका, सप्रेम नमस्कार.

तुम्हाला हे वाचता येणार नाही, हे माहीत असूनही मराठीतच लिहितोय. मनापासून आभार मानायला मला हीच भाषा जमते. फोनवर मोडक्यातोडक्या रोमानियनमध्ये सांगेनच, शब्द अडले तर तुमची नात सांभाळून घेईल.

मिओवेनच्या मोटार कारखान्यात कामाला आलो आणि पहिल्याच हिवाळ्यात आपल्या बिल्डिंगच्या पायरीवर, बर्फावरून घसरून घोटा मोडून घेतला. सहा आठवडे प्लास्टर. आपली ओळख तेव्हा लिफ्टमध्ये मान हलवण्यापुरतीच होती. तरी रोज दुपारी दारावर टकटक व्हायची आणि तुम्ही गरम चोर्बा, म्हणजे तुमचं आंबटसर सूप, घेऊन उभे. मी मांस खात नाही म्हटल्यावर कपाळाला हात लावलात, पण दुसऱ्या दिवशी घेवड्याचा चोर्बा आला.

चोर्बा संपला की दोब्रिन सुरू व्हायचा, तुमच्या पितेश्तचा फुटबॉलपटू. मला ते नाव फक्त स्टेडियमच्या पाटीवरून ठाऊक. थोडं वाचून एकदा मी शहाणपणा पाजळला, "बिचारा! हुकूमशहा चाउशेस्कूनं वाटोळं केलं त्याचं." तुम्ही एकदम ताठ बसलात. "बिचारा? निकोलाए दोब्रिन?"

मग १९६२ पासून सुरुवात. देशाच्या लीगमधल्या सर्वात वरच्या विभागात उतरला तेव्हा पंधराही पूर्ण नव्हते त्याला. पुढे १९६६, १९६७ आणि १९७१, तीनदा देशातला सर्वोत्तम खेळाडू. आणि मधल्या १९७० च्या विश्वचषकात? ग्वादालाहारात इंग्लंड, चेकोस्लोव्हाकिया, ब्राझील असे तीन सामने झाले आणि प्रशिक्षक अँजेलो निकुलेस्कूंनी त्याला एक मिनिटही मैदानात उतरवलं नाही. पेलेच्या ब्राझीलशी रोमानिया ३-२ नं हरला, हे सांगताना तुम्ही अजूनही कालच हरल्यासारखे चिडता. दोब्रिनला शिस्त नव्हती, पिणं होतं, हेही तुम्ही लपवलं नाहीत. (त्सुइकाची, म्हणजे प्लमच्या दारूची, बाटली तेव्हा तुमच्याच हातात होती, काका!)

१९७२ ची गोष्ट मात्र तुम्ही हळू आवाजात सांगितलीत. पितेश्तनं रेआल माद्रिदला इथे, या गावात, २-१ नं हरवलं. परतीचा सामना माद्रिदनं ३-१ नं जिंकला, पण रेआलचे अध्यक्ष सांतियागो बेर्नाबेऊ यांना दोब्रिन हवा झाला. त्याच डिसेंबरात रेआलच्या खेन्तोच्या निरोपाच्या सामन्यात तो रेआलचा पांढरा शर्ट घालून खेळलाही. तेवढंच. पासपोर्ट सरकारच्या मुठीत. वरून नकार आला आणि विषय संपला. चाउशेस्कूचं नाव घेताना तुम्ही खिडकीकडे पाहिलंत. तो जाऊन तीस वर्षं उलटली, तरी!

आणि मग १९७९. लीगचा शेवटचा सामना बुखारेस्टला, दिनामोच्या घरात. दिनामो म्हणजे गृहखात्याचा संघ, पोलीस नि गुप्त पोलिसांचा, स्तेआउआ लष्कराचा. त्या दोघांच्या मधून एका जिल्ह्याच्या गावानं विजेतेपद काढायचं. पितेश्त ४-३ नं जिंकलं आणि शेवटच्या क्षणीचा चौथा गोल दोब्रिनचा. तो सांगताना तुम्ही माझी कुबडी उचलून भिंतीवर गोल मारलात. प्लास्टरचा पोपडा अजून तिथेच असेल, घरमालकाला मी सांगितलेलं नाही.

दोब्रिनला माद्रिद मिळालं नाही, ते त्याच्यापासून हिसकावलं, हे खरंच आणि ते तुम्हीही माफ केलेलं नाही. पण चारशेहून जास्त लीग सामने तो खेळला, त्यातले कितीतरी तुमच्या समोर, चालत जाण्याच्या अंतरावर. मी त्याचं आयुष्य बंदीपाशी थांबवत होतो. तुम्ही मला पुढची सात वर्षं दाखवलीत, त्याबद्दल आभार.

तुमचा निळ्या झाकणाचा डबा चुकून माझ्या सामानातून पिंपरीला आला. सध्या आईनं त्यात कैरीचं लोणचं भरलंय. एप्रिलमध्ये, ट्यूलिपच्या दिवसांत येतोय, तेव्हा भरलेलाच आणतो. तिखट आहे, त्सुइका जवळ ठेवा.

तुमचा,
चौथ्या मजल्यावरचा लंगडा भाडेकरू