जैसलमेरला काचेची घरं कशाला?

संपादक महोदय,

राजस्थान टूरवरून आलेली मंडळी जैसलमेरच्या जुन्या पटवांच्या हवेलीसमोरचे फोटो टाकतात पण ती बांधलीय कशी हे कुणी बघत नाही. जाडजूड पिवळ्या दगडाच्या भिंती, मधे चौक, गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या घराची सावली आपल्या भिंतीवर, आणि दगडात कोरलेली जाळी, जिच्या बारीक भोकांतून वारा आत येतो पण ऊन बाहेरच अडतं. आणि आता तिथल्या नव्या घरांना काचेच्या मोठ्या खिडक्या लावायच्या नि 45 डिग्रीत दिवसभर एसी चालवायचा, कमालच आहे! जुनं जसंच्या तसं उचला असं म्हणत नाहीये, वायफाय नि अटॅच्ड बाथरूम सगळ्यांनाच हवं. पण जैसलमेरजवळच्या कनोई गावातली राजकुमारी रत्नावती मुलींची शाळा बघा, आर्किटेक्ट डायना केलॉग यांचं डिझाइन, तिथल्याच कारागिरांनी तिथल्याच दगडात बांधलेली, लंबगोल अंगण, जाळीच्या भिंती, वर सोलर पॅनल, पावसाचं पाणी साठवायची सोय, आणि एसी नाही. शाळेला जमतं तर घराला का नाही? दगडी काम महाग पडतं हे मान्य, म्हणूनच अशा घरांना होम लोनच्या व्याजात सूट द्यायला काय हरकत आहे?

– एक वाचक, नागपूर