जप्तीच्या आकड्यावरून तस्करी मोजू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोठा माल पकडला गेला की 'तस्करी वाढली' असा मथळा हमखास येतो. पण जप्ती वाढते ती टीप मिळाली म्हणून, नवा स्कॅनर बसला म्हणून किंवा तपासणीला माणसे वाढली म्हणूनही. उलट जिथे अधिकारीच फितलेले असतात, तिथे माल बिनबोभाट सुटतो आणि जप्तीच्या रकान्यात जवळजवळ काहीच येत नाही. म्हणून भ्रष्टाचार बाजूला ठेवून तस्करीचा अभ्यास होऊच शकत नाही.

अमेरिकी अभ्यासक लुईझ शेली यांनी हाच धागा आयुष्यभर धरला. सुरुवातीची बरीच वर्षे त्यांनी सोव्हिएत व्यवस्थेच्या अभ्यासाला दिली. तिथे गुन्ह्यांची आकडेवारी दीर्घकाळ सरकारी गुपित होती. पुढे १९९८ मध्ये त्यांनी 'अमेरिकन युनिव्हर्सिटी' या विद्यापीठात संशोधन केंद्र उभारले. २००७ मध्ये हे केंद्र जॉर्ज मेसन विद्यापीठात गेले. दहशतवाद, आंतरराष्ट्रीय गुन्हेगारी आणि भ्रष्टाचार हे तिन्ही शब्द केंद्राच्या नावातच आहेत.

जप्तीवर विसंबायचे नाही, तर मोजायचे कसे? एक रीत अशी: एका देशाने दाखवलेली निर्यात आणि समोरच्या देशाने दाखवलेली त्याच मालाची आयात शेजारी ठेवायची. इथे घाई नडते. आयातीच्या किमतीत बहुधा वाहतूक आणि विमा धरलेला असतो, निर्यातीच्या किमतीत नसतो. डिसेंबरात निघालेला माल जानेवारीत पोहोचतो आणि पुढच्या वर्षात मोजला जातो. माल तिसऱ्या देशाच्या बंदरातून फिरून आला, तर मूळ देश वेगळाच नोंदला जातो. मालाचा प्रकार दाखवणारा सहा अंकी वर्गीकरण क्रमांकही दोन्हीकडे एकच असेल असे नाही. एवढे वजा करून उरलेली तफावतच तपासण्याजोगी.

आणि एक चलाखी या रीतीलाही सापडत नाही. समजा, ४ डॉलरचा शर्ट बिलात १४ डॉलरला दाखवला. १०,००० शर्टांवर १ लाख डॉलर जादा आयातदाराच्या देशाबाहेर गेले, तेही बँकेतून, रीतसर. दोन्ही टोकांना तेच बिल दाखवल्यामुळे आकडे तंतोतंत जुळतात. तिथे दर नगाचा किंवा दर किलोचा भाव काढून त्याच क्रमांकाच्या इतर मालाशी ताडावा लागतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण पैशाची वाट तिथेच दिसते.

आपल्या वार्ताहरांना एक कळकळीची विनंती. जप्तीच्या बातमीत मालाची किंमत घाऊक धरली की किरकोळ, ते लिहावे. अमली पदार्थांत या दोहोंत कैक पटींचे अंतर पडते. त्या काळात किती खेपा तपासल्या, हेही विचारावे. आणि वर्षभराने त्याच प्रकरणाची पुन्हा चौकशी करावी: आरोपपत्र झाले का, त्यात चालकाखेरीज माल मागवणारा आहे का, आणि खेप सोडणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव आहे का?

आपले,
आर्थिक गुन्हेगारीचे काही अभ्यासक